नवाईचं ताट

नवापूर तालुक्यात अशी घरं आहेत, जिथे एक भाऊ रविवारी चर्चला जातो आणि दुसरा वाघदेवाला नारळ फोडतो. शेत एक, अंगण एक. नवं धान्य आलं की नवाई होते. आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायचं, कोंबडा कापायचा, मग घरच्यांनी जेवायचं. ते ताट चर्चला जाणाऱ्या भावापुढे येतं तेव्हा त्यानं काय करावं?

हा वाद चर्चइतकाच जुना आहे. इ. स. 50 च्या सुमारास यरुशलेमेत प्रेषितांची सभा भरली. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना सुंता करण्याची गरज नाही, हा मोठा निर्णय तिथे झाला. पण मूर्तीला वाहिलेलं खाऊ नये, असंही त्या सभेनं मंडळ्यांना पाठवलेल्या पत्रात लिहिलं गेलं. पुढे थोड्याच वर्षांत प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं ते वेगळ्या सुरात. मूर्ती म्हणजे काहीच नाही, बाजारातलं मांस चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर जा, वाढतील ते खा. मात्र ‘हे देवाला वाहिलेलं आहे’ असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी थांबा. आणि प्रत्यक्ष यज्ञाच्या पंगतीत बसू नका, हेही त्यानं तितक्याच स्पष्टपणे बजावलं. बायबलमधलं ‘प्रकटीकरण’ तर असं खाणाऱ्यांवर सरळ कोरडे ओढतं. शतकानुशतकं हरवलेलं आणि 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका हस्तलिखितात सापडलेलं ‘दिदाखे’ हे आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचं छोटं पुस्तकही कडकच: बाकीच्या खाण्यात झेपेल तेवढं पाळा, वाहिलेल्यापासून मात्र कटाक्षानं दूर राहा.

रोमी अधिकारी प्लिनी यानं 112 च्या सुमारास बिथुनियातून सम्राट त्राजनाला पाठवलेलं पत्र मला सगळ्यात बोलकं वाटतं. ख्रिस्ती लोक ठरल्या दिवशी पहाटे जमून गीत गातात, असं तो कळवतो. आणि यज्ञातल्या मांसाला गिऱ्हाईक जवळपास उरलं नव्हतं, आता ते पुन्हा विकलं जातंय, असंही. ताटावरचा वाद बाजारपेठेपर्यंत पोचला होता.

आपल्याकडे यातला एखादाच उतारा उचलून निकाल दिला जातो, याचं मला वाईट वाटतं. कडक माणूस यरुशलेमेचं पत्र काढतो, मोकळा माणूस पौलाचं. सगळं सलग वाचलं तर दिसतं की पहिल्या काही पिढ्यांतली देवभीरू माणसंही या प्रश्नावर एकमताची नव्हती, आणि पौल तर वेगळ्या मताच्या माणसालाही भाऊच म्हणतो. मला स्वतःला पौल पटतो, कारण तो ताटाइतकंच शेजारी बसलेल्या माणसाकडे बघतो. पण नाही म्हणणाऱ्या भावाचा विश्वास त्यामुळे हलका ठरत नाही. त्याच्यामागे तर दिदाखेही उभं आहे.

नवाईच्या आधीच्या रविवारी मंडळीत हे उतारे एकापाठोपाठ एक वाचावेत, आणि त्या दिवशी वाघदेवाला जाणाऱ्या भावालाही शेजारी बसवून घ्यावं.