अंगावर काढण्याआधी

पहाटे ससून डॉकवर मासळीचा लिलाव सुरू होतो. कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या किंवा शेजारच्या कुलाब्यातल्या कोळणीचा दिवस याच घड्याळाने चालतो. माल घ्यायचा, त्यावर बर्फ घालायचा, बाजारातली आपली जागा गाठायची, पाटी रिकामी होईपर्यंत बसायचं आणि मग घरी येऊन रांधायचं. सरकारी दवाखान्यातली बाह्यरुग्ण तपासणी बहुतेक ठिकाणी सकाळी असते, म्हणजे नेमकी तिच्या धंद्याच्या वेळी. ती दुखणं अंगावर काढते, त्याला आपण अज्ञान म्हणतो. एका सकाळची तपासणी म्हणजे एका दिवसाची कमाई गेली, हा हिशेब तिला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

आपल्या आरोग्यव्यवस्थेला बाई भेटते ती मुख्यतः आई म्हणून. गरोदरपणात तिची नोंद होते, लोहाच्या गोळ्या मिळतात, 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत खास तपासणी होते. हे सारं मोलाचं आहे आणि त्याने जीव वाचतात. पण बाळाच्या लसी संपल्या की बाईची विचारपूसही थांबते. पुढची तीस-पस्तीस वर्षं, म्हणजे रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोग चोरपावलांनी येण्याचा काळ, ती व्यवस्थेच्या नजरेआड काढते. ती दवाखान्यात येईल याची वाट न बघता दवाखान्याने तिच्याकडे जायला हवं. याला पुरावा हवा असेल, तर तो मुंबईतच तयार झाला आहे.

1998 मध्ये परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक प्रयोग सुरू केला. 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. अर्ध्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा तपासणी झाली. गर्भाशयमुखाला सौम्य व्हिनेगर लावून पांढरा पडणारा भाग नुसत्या डोळ्यांनी पाहायचा आणि स्तन हाताने तपासायचे, इतकीच साधी पद्धत. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. या प्रयोगातल्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी 2013 मध्ये निष्कर्ष मांडले : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले होते. स्तनांच्या तपासणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले होते, पन्नाशीआतल्या बायकांत मात्र ठोस फरक दिसला नाही.

याच सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 ग्रामीण बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होतं. तिथे तपासणी एकदाच झाली आणि एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यूंमध्ये लक्षणीय घट झाली नाही. ज्या गटाची एचपीव्ही या, गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी झाली, तिथे मात्र मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. दोन्ही अभ्यासांची रचना वेगळी होती, त्यामुळे तुलना जपूनच करायला हवी. तरी मला त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. साधन स्वस्त असेल तर पुन्हा पुन्हा दारात जावं लागतं, आणि एकदाच जाणं शक्य असेल तर साधन उत्तम लागतं. दाराशी जाणं दोन्हीकडे अटळ आहे.

2016 मध्ये केंद्र सरकारने 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी जेमतेम 1.9 टक्के बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली आढळली. स्तनांची तपासणी 0.9 टक्के बायकांची. आपण व्हिनेगर स्वीकारलं, पण ते घेऊन वस्तीत जाणारी बाई मात्र स्वीकारली नाही. मुंबईच्या अभ्यासात तुलनेच्या गटातल्या बायकांना कर्करोगाची माहिती मिळाली, तपासणी नाही, आणि त्यावर जगभर नैतिक वाद झाला. तो वाद योग्यच होता. ज्यांच्या आयुष्यांवर हा पुरावा उभा राहिला, त्यांच्या लेकीसुनांना त्याचा लाभ मिळाला नाही, तर ते ऋण आपल्या माथी राहतं.

प्रतिबंध म्हणजे वयागणिक बदलणारी काळजी. 9 ते 14 वर्षांच्या मुलीला एचपीव्हीची लस हवी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती देशातच बनवली आहे. त्याच मुलीचं हिमोग्लोबिनही तपासायला हवं, कारण महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. गरोदर बाईशी मशेरीबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांच्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मशेरीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी निघाली. मशेरीने तोंडाच्या कर्करोगाचाही धोका असतो, म्हणून तिशीनंतर तोंड तपासावं, आणि त्यासोबत गर्भाशयमुख, रक्तदाब व साखरही. पन्नाशीत स्तनांच्या तपासणीत हयगय नको. पाळी गेल्यावर हाडांची झीज वेगाने होते, आणि पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर ते वयाचं म्हणून सोडून देता येत नाही. तिला हे तिच्या ओळखीच्या बाईने सांगायला हवं.

बाईची अडचण ओळखून मुंबई एकदा वागली आहे. 1886 मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं, कारण पुरुष डॉक्टरांसमोर जायला बायका तयार नव्हत्या. ‘बायका येत नाहीत’ अशी तक्रार करत न बसता या शहराने स्त्री डॉक्टर आणल्या आणि बायकांसाठी रुग्णालय उभं केलं. आजची अडचण वेळेची आणि बुडणाऱ्या कमाईची आहे. ती सोडवायलाही तीच बुद्धी लागेल.

1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्याला लागतात, धक्क्यावरची धावपळ ओसरते. मच्छीमार नगरासारख्या वस्तीत तपासणीचं शिबिर घ्यायचं तर याच दोन महिन्यांत, संध्याकाळी आणि वस्तीतच घ्यावं. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतःला, आडोशाला घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनाही तो ग्राह्य धरते. जिच्यात दोष सापडेल तिला नुसती चिठ्ठी न देता रुग्णालयापर्यंत सोबत द्यावी, कारण उपचाराविना तपासणी म्हणजे फक्त भीती. आणि हे सारं ज्या आरोग्य स्वयंसेविकांच्या पायांवर चालायचं, त्यांना मानधनावर न ठेवता पुरता पगार आणि कायमची नोकरी द्यावी. चार फेऱ्यांत तीच ओळखीची बाई दारात आली, तरच तिच्यासमोर लाज सुटते. बायकांच्या आरोग्यावर खर्च करण्याची आपली तयारी खरी आहे का, याचं उत्तर पोस्टरवर दिसणार नाही. ते या स्वयंसेविकेच्या पगारपत्रकावर दिसेल.