भाडेकरूचा उंबरठा

मार्चमध्ये सदाशिव पेठेतला आमचा फ्लॅट विकला; ह्यांच्या आजारपणाचं देणं फिटलं. घेणाऱ्यांनीच तो आम्हाला ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहायला दिला. तुळस तीच, देवघर तेच. फक्त एक तारखेला भाडं जातं.

एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत साप आहे: तो घर बांधत नाही, दुसऱ्याच्या बिळात राहतो. पूर्वी मला हे संन्याशापुरतं वाटे. आता उंबरठ्यावर रांगोळी काढताना मनाला विचारते, नेमकं काय गेलं? मालकी गेली; झाडणं, पुसणं, सांजवात उरली. देहही असाच मुदतीचा. ज्यावर हक्क नाही त्याचीही मनापासून निगा राखणं, हीच मला भक्ती वाटते.