सीदन्ति : अंग गळून बसणं


आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २९

या श्लोकातल्या एकाच शब्दापाशी आज थांबू या. सीदन्ति. अर्जुन म्हणतो, माझी गात्रं गळून चालली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरं सुटलंय. पण जरा मागे जाऊन बघा, अजून एकही बाण सुटलेला नाही. शंख तेवढे वाजलेत. म्हणजे हा थकवा कामाचा नाही. कामाने येतो तो श्रम, आणि त्याचा उतारा त्याच धातूतून निघतो : विश्राम, आपला विसावा. दिवसभर कापूस वेचून आलेली बाई भाकर खाऊन आडवी झाली की सकाळी पुन्हा उभी राहते. अर्जुनाला झोपेने काय होणार होतं?

सीदन्ति हा सद् धातू. बसणे, खाली जाणे, खचणे. विषाद त्यातूनच आला, आणि पहिल्या अध्यायाचं नावच ते आहे. संस्कृत अवघड वाटत असेल तर आपली मराठी घ्या. आवाज बसला, धंदा बसला, पावसात भिंत बसली.

अतिवृष्टीत चुडाव्याला आमचं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा थोरले दादा असेच ओट्यावर बसले. शेतात पाय ठेवता येत नव्हता, काम काहीच नाही, तरी माणूस थकलेला. जेवण नाही, बोलणं नाही. आम्ही सगळे मनातून भ्यालो होतो. आपल्या भागात अशा बसण्याची भीती का वाटते ते सांगायला नको. येणारा जाणारा म्हणायचा, हिंमत धरा. माय म्हणाली, "त्याला काही शिकवू नका रे, नुसतं जवळ बसा." आळीपाळीने बसलो, रात्रीसुद्धा. चार दिवसांनी दादाच बोलायला लागले. कर्जाचं, पोरीच्या लग्नाचं, सगळं. मग उठून तूर किती वाचली ते बघून आले.

भगवंतांनी तरी काय केलं? श्लोक २८ पासून अध्याय संपेपर्यंत अर्जुनच बोलतो, भगवंत मध्ये एक शब्द काढत नाहीत. दुसऱ्या अध्यायात कानउघाडणी आहे, आणि ती कडक आहे, पण ऐकून घेतल्यावर. स्वतःला खचू देऊ नये, हा उपदेश याच धातूतला, अवसादाचा. तो थेट सहाव्या अध्यायात, पाचव्या श्लोकात येतो. लोक खचलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तो ऐकवतात!

आणि गंमत बघा, प्रसाद आणि प्रसन्न हेही सद् धातूचेच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. तसं पाणी म्हणजे प्रसन्न. मराठीतही घडी बसते, जम बसतो. उपनिषद् शब्दातही गुरूजवळ बसणं आहेच.

गीतेत अर्जुन शेवटचं बोलतो ते अठराव्या अध्यायात, श्लोक ७३. मोह गेला म्हणतो, आणि कशाने गेला ते सांगताना त्याच्या तोंडी शब्द येतो प्रसाद. रथ तिथंच उभा आहे, दोन्ही सैन्यांच्या मधोमध.