वेतोबाला कंटाळा का येत नाही?

कॅरिबियनच्या क्रूझवर वारंवार येणाऱ्या प्रवाशांची एक वेगळीच जमात असते. त्यांच्या कार्डावर प्लॅटिनम किंवा डायमंड असं छापलेलं असतं, जहाजाचे डेक त्यांना पाठ असतात, आणि बंदराच्या दिवशी ती माणसं खाली उतरत नाहीत. मी बरीच वर्षं त्यांच्या केबिन साफ केल्या. जहाज धक्क्याला लागलं की गँगवेवर रांग लागायची, तासाभरात हजारो माणसं किनाऱ्यावर पांगायची, आणि आम्हा स्टुअर्ड लोकांना चादरी बदलायला मोकळं मैदान मिळायचं. एखाद्या दारावर टकटक करावी, तर आतले गेस्ट बाल्कनीत कॉफी घेऊन बसलेले. आज उतरला नाहीत का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. सेंट थॉमस पुष्कळदा पाहून झालंय, आता तिथे काय बघायचं?

हे बोलणारी माणसं वाईट नव्हती. आयुष्यभर राबून, पै-पै साठवून ती आली होती. त्यांच्या आवाजात तोरा नसायचा, असायची ती खरीखुरी उदासी. ज्या निळ्या पाण्याची स्वप्नं थंडीबर्फाच्या गावात बसून पाहिली, ते पाणी समोर आहे आणि मन हलत नाही, ही उदासी. ती मी फार जवळून पाहिली आहे. म्हणूनच तिच्यामागचा प्रश्न मला धर्माचा वाटतो. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की माणसाला कंटाळा का येतो? आणि काहींना तो कधीच येत नाही, ते कशामुळे?

बंदरं तीच तीच का असतात, याला साधी व्यावहारिक कारणं आहेत. मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून सात रात्रींची सफर निघते. वीस-बावीस नॉटच्या वेगाने आठवड्यात जाऊन परत येता येईल अशी ठिकाणं मोजकीच आहेत. पूर्वेच्या फेऱ्यात नासाऊ, सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन. पश्चिमेच्या फेऱ्यात कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका. अमेरिकेचा १८८६चा एक कायदा आहे. त्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून तिथेच परतायचं असेल, तर वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. शिवाय एवढी अवाढव्य जहाजं लागतील असे खोल धक्के सगळीकडे नाहीत. धक्क्यावर उतरलं की दुकानंही तीच. सेंट मार्टिनच्या फिलिप्सबर्ग गावात फ्रंट स्ट्रीटवर सोन्या-हिऱ्यांची दुकानं ओळीने आहेत, त्यातली कित्येक सिंधी व्यापाऱ्यांची. तिथे हिंदीत दोन शब्द बोललं की आधी चहाचं विचारायचे, भाव नंतर.

पण बंदरांवर सगळा दोष टाकता येत नाही, कारण त्याच बंदरांत आम्हा क्रूचं वेगळंच चालायचं. सुरक्षेसाठी काही जणांना जहाजावर थांबावं लागे, त्याला आम्ही आयपीएम म्हणायचो. आयपीएम नसलेल्यांना मधली दोन तासांची सुट्टी मिळायची. ती मिळाली की कपडे बदलून माणूस पळत सुटायचा. कोझुमेलला धक्क्यापासून थोड्या अंतरावर वायफाय मिळेल अशी जागा गाठायची, घरी फोन लावायचा. आईचा आवाज, पोराची परीक्षा, विहिरीचा पंप बिघडला की काय. त्या जागेचा मला कधी कंटाळा आला नाही. तिथल्या प्लास्टिकच्या खुर्च्याही मला आपल्या वाटायच्या. गेस्ट म्हणायचे कोझुमेलमध्ये काही उरलं नाही, आणि माझं अर्धं घर कोझुमेलमध्ये होतं.

आपल्या परंपरेत एक समजूत रुजलेली आहे की भोगाचा वीट आला की वैराग्य येतं. म्हणजे हे बाल्कनीत बसलेले गेस्ट संन्यासाच्या उंबरठ्यावर होते असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. माझं गाव शिरोडा. वि. स. खांडेकर इथे १९२० पासून अठरा वर्षं शाळामास्तर होते, त्यामुळे ‘ययाति’ आमच्याकडे घरोघरी. मूळ कथेतला ययाती मुलाचं तारुण्य मागून घेतो, हजार वर्षं भोग घेतो, आणि शेवटी त्याला कळतं की तूप घातल्याने आग विझत नाही. हे ज्ञान खरंच आहे, पण किती महाग पडलं! उलट नचिकेत बघा. यमाने हत्ती, घोडे, सोनं, गाणारे-वाजवणारे, हवं तेवढं आयुष्य, सगळं पुढे ठेवलं. त्या पोराने त्यातलं काही चाखलेलंही नव्हतं, तरी त्याने ते नाकारलं. म्हणजे वैराग्याला भोगाचा अनुभव लागतोच असं नाही, आणि भोगाच्या कंटाळ्यातून वैराग्य उपजतंच असंही नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत पहिलाच निर्वेद. जुन्या आचार्यांनी या विटण्याला एवढं मानाचं पान दिलं, कारण काहींच्या मते शांत रसाचं ते बीज आहे. पण विटलेल्या मनाचा पुढचा प्रश्न काय असतो, त्यावर सगळं ठरतं. ‘हे सगळं हवं असणारा मी कोण?’ असा प्रश्न उठला तर तो निर्वेद. ‘हे झालं, आता दुसरं काय?’ असा उठला तर ती तृष्णाच, फक्त आधीचं ताट बाजूला सारून बसलेली. माझे गेस्ट हा दुसरा प्रश्न विचारायचे. पुढच्या वर्षी अलास्का करू, मग भूमध्य समुद्र करू. आणि काही वर्षांनी अलास्काबद्दलही तेच बोलायचे.

कंपन्यांनी या कंटाळ्यावर स्वतःचं औषध काढलं. १९७७ साली एका क्रूझ कंपनीने बहामातलं ग्रेट स्टिरप के हे छोटं बेट आपल्या ताब्यात घेतलं. पुढे इतरांनीही तोच मार्ग धरला. आता कित्येक सफरींत असं एक खासगी बेट असतंच. तिथे वाळू जहाजाच्या डेकसारखी स्वच्छ ठेवलेली असते, उंच घसरगुंड्या असतात, बार्बेक्यू असतं, आणि जहाजाचंच कार्ड चालतं. नसतं ते एवढंच की कुणाचं गाव नसतं. शाळा नाही, देऊळ नाही, चर्च नाही, स्मशान नाही. गेस्ट खूश होऊन परतायचे, आणि तिसऱ्या खेपेला त्याही बेटावर उतरेनासे व्हायचे.

बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभाची एक गोष्ट आहे. सुरुवातीला तो, म्हणजे आत्मा, एकटाच होता. त्याला आधी भीती वाटली; मग त्याच्या ध्यानात आलं की दुसरं कुणी नाहीच, तर भ्यायचं कशाला. भीती गेली. पण एकट्याला करमेना, आणि म्हणून त्याला दुसरं कुणीतरी हवंसं झालं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. त्याला काही कमी नव्हतं. नवं दृश्य त्याने मागितलं नाही, जास्त सुख मागितलं नाही. त्याला समोर कुणीतरी हवं होतं. खासगी बेटावर नेमकं तेच मिळत नाही. तिथे आपल्याला हवं ते सगळं असतं आणि समोर दुसरं कुणीच नसतं.

कुणी म्हणेल, हे प्रवासी नीट बघतच नाहीत. सेंट थॉमसलाच दुकानांच्या रस्त्यावरून टेकडी चढून जरा वर गेलं की १८३३मध्ये बांधलेलं सिनेगॉग आहे. आत महॉगनीची बाकं आहेत आणि जमिनीवर चक्क वाळू पसरलेली आहे. स्पेन-पोर्तुगालात ज्यू लोकांना चोरून प्रार्थना करावी लागे, तेव्हा पावलांचा आवाज होऊ नये म्हणून ते वाळू घालत, त्याची ही आठवण आहे, असं सांगतात. मी तिथे गेलो आहे. त्या वाळूवरून चालताना माणूस आपोआप हळू बोलू लागतो. तरीही मी म्हणेन की हे उत्तर अपुरं आहे. वाळूची जमीनही एकदा पाहिली की पाहून होते. यादीत आणखी एक ओळ वाढते, एवढंच. तिथल्या भक्तांना मात्र दर शब्बाथला त्याच वाळूवरून चालताना कंटाळा येत नाही, कारण ते वाळू बघायला येत नाहीत.

हा फरक डेरेक वॉलकॉट यांनी उघडपणे मांडला. ते सेंट लुशियाचे, त्याच समुद्रातले. १९९२ साली नोबेल मिळालं तेव्हाच्या भाषणाची सुरुवात त्यांनी त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावातल्या रामलीलेने केली. १८४५ पासून ऊसमळ्यांत राबायला नेलेल्या भारतीयांच्या वंशजांचं हे गाव. वॉलकॉट नाटककार, त्यामुळे त्यांनी ते सगळं नाटक म्हणून पाहिलं. आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की करणाऱ्यांसाठी ते नाटक नाही, श्रद्धा आहे. फेलिसिटीत रावण दरवर्षी जळतो. गोष्ट सगळ्यांना पाठ, शेवट ठाऊक. यंदा वेगळं रामायण करा, असं कुणी म्हणत नाही. पाहुण्याला ते एकदा पुरतं. गावाला ते दरवर्षी लागतं.

आता मी ज्यांच्याकडून शिकलो त्या एका बाईंबद्दल लिहितो. त्या वयस्कर, नवऱ्यामागे एकट्याच यायच्या, दरवेळी पूर्वेचाच फेरा घ्यायच्या. सेंट थॉमसला सगळ्यांआधी गँगवेवर उभ्या असायच्या. हातात एक छोटी पिशवी, तीत श्रवणयंत्राच्या बारीक बॅटऱ्या. बाजारात फळं विकणाऱ्या एका बाईच्या आईसाठी त्या न्यायच्या. पहिल्या भेटीत कधीतरी त्या म्हातारीचं यंत्र बंद पडलेलं पाहिलं होतं, तेव्हापासूनचा हा नेम. परत यायच्या तेव्हा पिशवीत आंबे किंवा केळी असायची, त्यातलं एक फळ माझ्या ट्रॉलीवर ठेवायच्या. २०१७च्या सप्टेंबरात इर्मा वादळाने सेंट थॉमस आणि सेंट मार्टिनची दाणादाण उडवली. जहाजांचे मार्ग बदलले, काही आठवडे सगळे पश्चिमेला वळले. बहुतेक गेस्टची चौकशी असायची की बदल्यात कुठलं बंदर देणार. त्या बाईंचा पहिला प्रश्न होता, बाजार शाबूत आहे का. त्यांना उत्तर मिळेपर्यंत त्या धड जेवल्या नाहीत. त्यांना त्या बेटाचा घोर लागला होता. ज्या जागेचा घोर लागतो, तिचा कंटाळा येत नाही.

शिरोड्याला लागूनच आरवली आहे. तिथला वेतोबा आम्हा पंचक्रोशीचा राखणदार. त्याला केळीचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला चांगल्या जाडजूड, माणसाच्या पायाला मोठ्या होतील अशा. कारण वेतोबा रोज रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, अशी श्रद्धा आहे. जुनी माणसं जोड उचलून, तळ उलटा करून झिजलेला भाग दाखवतात. लहानपणी मी तो हाताने चाचपून पाहिला आहे. जहाजावर असताना मला तो तळ आठवायचा. तीच शीव, तेच माड, तीच पायवाट, रात्रीमागून रात्र. देवाला काय नवं दिसत असेल तिथे? काहीच नाही. तो बघायला फिरतच नाही. कुणाचं दार उघडं राहिलं, कुणाची गुरं सुटली, कुणाचं पोर आजारी, यासाठी तो फिरतो. चपला झिजतात याचा अर्थ देवालाही श्रम होतात, असं आमच्या पूर्वजांनी मानलं. पण त्याला कंटाळा येतो, असं कुणीही मानलं नाही.

श्रम आणि कंटाळा यांतला भेद मला केबिनी साफ करताना अंगाने कळला. दिवसभर बेड ओढून कंबर धरायची, ती झोपल्यावर उतरायची. कंटाळ्याचं उलट असतं. विश्रांती जितकी जास्त, तितका तो वाढतो. माझे बाल्कनीतले गेस्ट जगातली उत्तम विश्रांती घेत होते आणि आतून सुकत होते. त्यांना काम हवं होतं असं मी म्हणत नाही. त्यांना राखायला काहीतरी हवं होतं. माझी श्रद्धा अशी आहे की माणूस जगाचा प्रेक्षक म्हणून जन्माला येत नाही. वेतोबासारखी प्रत्येकाच्या वाट्याला एक लहानशी शीव येते. जो ती शोधत नाही, त्याला सगळी पृथ्वी फिरूनही करमत नाही.

आता मुंबईहूनही क्रूझ निघतात, आणि आपल्याकडची निवृत्त माणसं किती देश झाले याचा हिशेब उत्साहाने सांगतात. त्यांनी जरूर जावं. समुद्र पाहण्यात देवाचं दर्शन आहेच, आणि कष्टाने मिळवलेल्या पैशाचं सुख घेण्यात पाप नाही. पण ‘आता काय बघायचं’ असं मनात आलं, की एजंटकडे नव्या मार्गाची चौकशी करण्याआधी जुन्या बंदरातल्या एका तरी माणसाचं नाव विचारून घ्यावं, त्याला काय लागतं ते ऐकावं, आणि पुढच्या खेपेला ते घेऊन जावं. नेण्यासारखं काही नसेल, तर निदान त्याची खुशाली विचारायला उतरावं. धर्म म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन.