वेगाची हाव आणि सर्वांचा रस्ता

फेरारी एफ-४० ही इटलीची मोटार १९८७ साली निघाली. तिचा कमाल वेग ताशी सुमारे ३२० किलोमीटर. अमेरिकेतील सर्वांत मोठी वेगमर्यादा टेक्सासमधील एका टोल रस्त्यावर आहे. तीही ताशी १३७ किलोमीटरच. तरीही अशा मोटारींचे काही मालक इंजिनाला नायट्रस ऑक्साइडची टाकी जोडतात. ज्याला ३२० पुरत नाहीत त्याला ३५० तरी कसे पुरणार? तृष्णा म्हणतात ती हीच.

वाचकहो, हा वायू म्हणजे दवाखान्यातला हास्यवायू. १८४४ साली होरेस वेल्स या दंतवैद्याने याच वायूच्या अमलाखाली स्वतःचा दात काढून घेतला. इंजिनात उष्णतेने त्याचे विघटन होते, जादा प्राणवायू सुटतो, जादा पेट्रोल जळते आणि काही सेकंद ताकद वाढते. पेट्रोल कमी पडले तर पिस्टन वितळतो. वेदना शमविणारा वायूही हाच. म्हणून दोष वायूचा नव्हे. पाहायचा तो हेतू.

मालक म्हणतो, मोटार माझी, जळाली तर नुकसान माझे. शर्यतीच्या बंद धावपट्टीवर हे मला मान्य आहे. (पैशाची उधळपट्टी हा निराळा प्रश्न.) पण सार्वजनिक रस्त्यावर? वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. इंजिन त्याचे असेल, पण पाळी संपवून पायी घरी निघालेल्या मजुराने या धोक्याला होकार कधी दिला? त्याला तर कोणी विचारलेलेच नसते.