बिनशिवणीचा अंगरखा

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

येत्या १ मे रोजी ख्रिस्तसभा कामगार संत जोसेफ यांचा सण साजरा करील. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. आपल्या इचलकरंजीला तो परका नाही. येथे पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला आणि तेव्हापासून कित्येक घरांतली चूल मागाच्या खडखडाटावर पेटत आली आहे.

संत योहानच्या शुभवर्तमानातील एक बारीकशी गोष्ट (१९:२३-२४) विणकरांच्या गावाने तरी नजरेआड करू नये. क्रुसाखाली शिपायांनी प्रभू येशूचे कपडे वाटून घेतले, पण अंगरखा फाडला नाही. तो वरपासून सलग विणलेला होता, त्याला शिवण नव्हती. ज्यांना प्रभूच्या देहाची दया आली नाही, त्यांनाही ते वस्त्र फाडवले नाही. ते कोणी विणले? शुभवर्तमान नाव सांगत नाही.

आपल्या कापडावरही विणणाऱ्याचे नाव नसते. तागा बाजारात जातो, पण कांडी भरणारी बहीण, वहिफणीवाला, रात्रपाळीत माग सांभाळणारा भाऊ यांना तिथे कोणी ओळखत नाही. वीज गेली की माग थांबतो. माग थांबला की मजुरी थांबते. घरभाडे मात्र थांबत नाही.

पण देव त्यांना ओळखतो. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्या, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे (अनुवाद २४:१४-१५). अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाकडे आक्रोश करते, असे संत याकोब बजावतात (५:४). पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात शिकवले की मजुरी हा केवळ दोघांमधला सौदा नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे तिच्यात भागले पाहिजे. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव का घेतले ते सांगताना याच विश्वपत्राची आठवण केली.

छोट्या मागधारकाची अडचणही खरी आहे. सुताचे चढउतार, विजेचे बिल, व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे. पण अडचणीचा पहिला वाटा सर्वांत अशक्त माणसाच्या माथी मारणे हा न्याय नव्हे. मालक आणि मजूर एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात आणि एकाच भाकरीचे वाटेकरी होतात. मग त्यांच्यातला हिशेब वेदीबाहेरचा कसा राहील?

म्हणून दोन विनंत्या. ज्याच्याकडे कोणाची मजुरी थकली असेल, त्याने ती १ मेच्या आत चुकती करावी. आणि मुलांनो, शाळेच्या अर्जात वडिलांचा किंवा आईचा व्यवसाय ‘यंत्रमाग कामगार’ असा लिहिताना मान खाली घालू नका. देवाच्या पुत्राने जन्मभर अशाच हातांनी विणलेले वस्त्र अंगावर घातले.

प्रभू तुमच्या हातच्या कामाला आशीर्वाद देवो.

प्रभूमध्ये तुमचे,
प्रमुख धर्मगुरू