इझम लागण्याआधीचा धर्म

धर्म ही माणसानं बाळगायची गोष्ट आहे की करायची, हा प्रश्न मला इंग्रजी व्याकरणाच्या तासाला भेटला.

वर्धा जिल्ह्यातल्या आंजीत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. नववीला प्रत्यय शिकवायची वेळ आली की ‘इझम’नं संपणारे शब्द मी मुलांकडूनच काढून घ्यायची आणि फळ्यावर एकाखाली एक लिहायची. सोशलिझम, कम्युनिझम, नॅशनलिझम हे लगेच यायचे. मग इतिहासाच्या पुस्तकातून बुद्धिझम आणि जैनिझम, कुणाला बसस्टँडवरच्या पाटीवरून टुरिझम आठवायचं, विज्ञानातून मॅग्नेटिझम. एका मुलीनं आजीच्या औषधाच्या चिठ्ठीवरचा र्‍हुमॅटिझम सांगितला, आणि तो मी बुद्धिझमच्या खाली लिहिला तशी तीच उभी राहिली. “मॅडम, धर्म अन् दुखणं एकाच रांगेत कसं काय?”

वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न फार खरा वाटला. त्या दिवशी मी तिला ‘इझम म्हणजे एखादी अवस्था किंवा विचारसरणी’ असं पुस्तकी उत्तर दिलं. पुढे वाचत गेले तसं कळलं की खरं उत्तर याहून जुनं आहे आणि कितीतरी जास्त कामाचं आहे.

हा प्रत्यय ग्रीक आहे. ग्रीक भाषेत नामाला ‘इझिन’ जोडून क्रियापद करत आणि त्या क्रियापदापासून ‘इस्मोस’ लावून पुन्हा नाम. तेच लॅटिनमध्ये ‘इस्मुस’, फ्रेंचमध्ये ‘इस्म’ आणि इंग्रजीत ‘इझम’ झालं. म्हणजे मुळात हे क्रियेचं नाव. ‘बाप्टिझम’ म्हणजे पाण्यात बुडवण्याची क्रिया; त्यात मत, सिद्धांत काही नाही, फक्त पाणी आणि माणूस. र्‍हुमॅटिझम म्हणजे अंगात दूषित रस पाझरत राहणं. सांध्यांच्या दुखण्याचं कारण तेच, असं जुने वैद्य समजत. यहुदी धर्माला इंग्रजीत जुडाइझम म्हणतात; त्याचं ग्रीक रूप ख्रिस्तपूर्व काळातल्या मकाबींच्या दुसऱ्या ग्रंथात सापडतं, आणि त्यामागचं क्रियापद आहे ‘यहुद्यांसारखं वागणं’. ग्रीकांसारखं बोलणं-वागणं यालाही तसंच क्रियापद होतं. तेव्हा त्या मुलीच्या रांगेत धर्म आणि दुखणं शेजारी बसले ते यामुळे, की दोन्ही एकेकाळी ‘घडणं’ होतं. माणसाच्या बाबतीत काहीतरी चाललेलं असायचं. पुढे क्रियापद गळून पडलं आणि नाम तेवढं उरलं.

मग ते नाम कुणाला लागलं, हे पाहण्यासारखं आहे. ख्रिस्ती धर्मासाठी ‘इस्मोस’वालं नाव दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच अंत्युखियाच्या इग्नेशियसनं वापरलं होतं, पण इंग्रजीनं स्वतःच्या धर्मासाठी लॅटिन वळणाचं ‘ख्रिश्चॅनिटी’ ठेवलं. इझम दिला तो बहुतेक दुसऱ्यांच्या धर्मांना. मुसलमानांच्या धर्माला ‘मोहमेडनिझम’ म्हटलं. त्यांच्यातल्या पुष्कळांनी ते नाव आपलं मानलं नाही, कारण त्यातून पैगंबरांची उपासना सूचित होते. इस्लाम हे त्यांचं स्वतःचं नाव अरबीत क्रियेचंच आहे, ईश्वराला शरण जाणं. आपल्याकडचं हिंदुइझम तर फारच अलीकडचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या लिखाणात ते दिसू लागतं आणि 1816च्या सुमारास राजा राममोहन रॉय यांच्या इंग्रजीत येतं. ज्या माणसांनी हजारो वर्षं व्रतं केली, वाऱ्या केल्या, श्राद्धं घातली, त्यांना आपण कोणत्यातरी ‘इझम’चे आहोत हे दोनशे वर्षांपूर्वी समजलं.

आमच्या भागात हा विषय कोरड्या भाषाशास्त्राचा राहत नाही. धाम नदी आंजीजवळून खाली जाते ती पवनारला विनोबांच्या आश्रमापाशी पोचते, आणि सेवाग्राम तिथून फार दूर नाही. 1936 साली चांदा जिल्ह्यातल्या सावलीला गांधी सेवा संघाचं संमेलन झालं, तिथे गांधीजींनी स्वच्छ सांगितलं होतं की गांधीवाद असं काही नाही आणि आपल्यामागे कोणताही पंथ ठेवून जायची इच्छा नाही. त्याच वर्षी ते शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्यांनी इतकं बजावूनही नाव चिकटलंच. आणि मराठीत तर इझमला आपण ‘वाद’ हा शब्द ठरवूनच टाकला. गांधीवाद, समाजवाद, राष्ट्रवाद.

वाद हा शब्द इतका सहज वापरून टाकण्यासारखा नाही, असं मला मनापासून वाटतं. न्यायसूत्रांत गौतमानं बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोघंही सत्य शोधायला बसलेले असतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलणं हा जल्प. आपलं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं तेवढं मोडायचं, ती वितंडा. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत स्वतःच्या विभूती सांगतात तिथे बोलणाऱ्यांमधला वाद म्हणजे मी, असं म्हणतात. जल्प-वितंडेचं नाव घेत नाहीत. या अर्थानं गांधीवाद असायला हरकत नव्हती. गांधींशी सत्यासाठी बोलत बसणं हा गांधीवाद. विनोबांनी आयुष्यभर तेच केलं, आणि सगळ्याच धर्मांशी केलं. 1938 साली ते पवनारला आले, गीताई त्याआधीची. नंतर धम्मपदाची नवी मांडणी, कुराणाचं सार, ख्रिस्तधर्माचं सार, शिखांच्या जपुजीवरचं विवेचन. त्यांच्याच आग्रहातून जैनांच्या सगळ्या संप्रदायांनी मिळून ‘समणसुत्तं’ या ग्रंथाला 1974 साली मान्यता दिली. अरबी अक्षर न् अक्षर उच्चारून शिकणारा हा माणूस स्वतः कोणत्या रकान्यात बसायचा?

रकान्यांचा मला अनुभव आहे. फेब्रुवारी 2011मध्ये जनगणनेची ड्यूटी लागली आणि मी प्रगणक म्हणून घरोघर फिरले. कुटुंबाच्या त्या लांब पत्रकात सातवा प्रश्न धर्माचा होता. सहा धर्मांना सहा आकडे: हिंदू 1, मुस्लिम 2, ख्रिश्चन 3, शीख 4, बौद्ध 5, जैन 6. त्याबाहेरचा असेल तर आकडा नाही, पूर्ण नाव लिहायचं. वस्तीच्या कडेला एका गोंड म्हाताऱ्याला मी विचारलं, “बाबाजी, धर्म कोणता लिहू?” त्यांनी पेन्सिलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आमी सात देवाचे, बाई.”

हे उत्तर पत्रकात बसणारं नव्हतं आणि तरी ते अगदी नेमकं होतं. गोंडांत कुळं देवांच्या संख्येनं ओळखली जातात, चार देवांची, पाचांची, सहांची, सातांची. एकाच संख्येच्या कुळांत लग्न होत नाही, ते भाऊबंद. म्हणजे आपण कोणापुढे हात जोडतो, कोणाशी सोयरीक करतो, कोणाला भाऊ मानतो, हे सगळं त्यांनी तीन शब्दांत सांगून टाकलं होतं. माझ्या सूचनापुस्तिकेत मात्र धर्म म्हणजे एक नाव होतं. पुढे बोलून काय लिहिलं ते सांगत नाही. जनगणनेची माहिती गुप्त असते आणि ती तशीच राहायला हवी.

माझ्या सासूबाईंचं पत्रकही मीच भरलं. त्या सकाळी गीताईचा अध्याय म्हणत, संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसत, सोमवार धरत, आणि धाकट्या दिराच्या आजारपणात त्यांनी गिरडच्या बाबा फरीदांच्या दर्ग्याला नवस बोलून तो फेडलाही होता. त्यांना यातलं काहीच एकमेकांच्या आड येत नसे. “जे करतो थो आपला धरम,” एवढंच त्या म्हणायच्या.

खूप दिवस मला हे वाक्य पुरेसं वाटायचं. त्याच मोजणीत एका बौद्ध घरी ते तोकडं पडलं. घरातल्या आजोबांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘बौद्ध’ म्हटलं, आणि मग मी पत्रकात काय लिहिते ते वाकून पाहिलं. पाच हा आकडा पडल्याची खात्री करूनच ते मागे सरले. 14 ऑक्टोबर 1956ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ते आईच्या कडेवर होते, असं त्यांनी सांगितलं. जे करतो तोच धर्म, हे वाक्य त्यांच्या आजोबापणज्यांच्या काळी लोक अस्पृश्यता पाळतानाही म्हणतच होते. विहिरीवर चढू न देणं हीसुद्धा क्रियाच होती, पिढ्यानपिढ्या मन लावून केलेली. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर 1928 साली जमनालाल बजाजांनी सर्वांना खुलं केलं आणि त्याची देशभर चर्चा झाली, त्यावरूनच बाकीच्या देवळांची दारं कशी होती ते कळतं. अशा माणसाला स्वतःहून घेतलेलं नाव हवं असतं, आणि ते कागदावर बरोबर उमटलेलं हवं असतं. नवबौद्धांना केंद्राकडून अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला 1990 साल उजाडावं लागलं. तोवर त्या नावाची किंमत पुष्कळांनी शिक्षणात आणि नोकरीत मोजली होती.

तेव्हा नावच नको, असं मी म्हणू शकत नाही. दुसऱ्यानं वरून लावलेलं नाव आणि आपण शपथ घेऊन स्वीकारलेलं नाव, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि धम्मदीक्षेच्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञा पाहिल्या तर त्यांत करण्याच्या आणि न करण्याच्या गोष्टीच जास्त आहेत: चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, सर्व माणसं समान मानीन, अष्टांगिक मार्गानं चालेन. बाबासाहेबांनी इंग्रजीत बुद्धिझम हा शब्द भाषणांतून वापरला, पण अखेरच्या ग्रंथाच्या नावात ‘धम्म’ ठेवला, आणि आत सांगितलं की माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकमेकांच्या नात्यानं राहू लागली की धम्म लागतोच. सासूबाईंच्या वाक्यात हीच गोष्ट सुटलेली होती. करतो ते ठीक, पण कोणाशी करतो, आणि त्याच्या वाट्याला काय येतं?

मूळ ग्रीक प्रत्ययाकडे मी पुन्हा पुन्हा जाते ती याच कारणानं. ‘तू कोणत्या इझमचा’ या प्रश्नाला एक आकडा पुरतो. ‘तू कसा वागतोस’ याला तो पुरत नाही. तिथे शेजाऱ्याची साक्ष लागते.

आता 2027च्या जनगणनेची तयारी चालू आहे आणि माहिती मोबाईलवर भरली जाणार आहे. मी निवृत्त झाले. ड्यूटी आमच्या तरुण शिक्षिकांना लागेल. 2011च्या सूचनांत एक फार चांगला नियम होता: धर्माबद्दल माणूस जे सांगेल तेच प्रगणकानं नोंदवायचं, वाद घालायचा नाही, आपल्या अंदाजानं आकडा टाकायचा नाही. आता शेजारच्या गावी शिकवणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीनं परवा धर्माच्या रकान्याबद्दल विचारलं. तिला मी तो नियम सांगितला, सात देवांच्या बाबाजींबद्दलही सांगितलं, आणि म्हटलं की असं उत्तर आलं तर घाईनं जवळचा आकडा दाबू नकोस. खाट दिली तर बस, आणि विचार, देवांची नावं काय.